बॅग कुठली घेऊ?

सुट्टी जवळ आली की हॉस्टेलमध्ये दोन प्रश्न ऐकू येतात. पहिला, सबमिशनची लास्ट डेट कधी. दुसरा, गाडीवर सामान न्यायला बॅग कुठली घेऊ. पहिल्याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्याचं मात्र प्रत्येकाकडे तयार असतं. कुणी म्हणतो सॅडल बॅगच घे, कुणी म्हणतो टॉप बॉक्स लाव, एकदाच काय ते पैसे जातील. आमच्या विंगमधल्या एका महाभागाने लडाखला जायचं म्हणून गाडीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या बसवून घेतल्या. लडाख राहिलं. पेट्यांमध्ये सध्या मॅगी आणि कांदे असतात, आणि पार्किंगमध्ये त्याच्या शेजारी कुणी गाडी लावत नाही.

मला हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो, कारण माझ्या स्प्लेंडरला ताडपत्रीच्या शिवून घेतलेल्या बॅगा आहेत आणि त्यावरून हॉस्टेलमध्ये मला 'टपाल' म्हणतात. (म्हणू देत.) विचारणाऱ्याला एखाद्या कंपनीचं नाव हवं असतं आणि मी त्याला वीस मिनिटं पकडून ठेवतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतोय. माझं मत असं, की बॅग कुठली हा तिसरा प्रश्न आहे. त्याआधी वजन गाडीवर नेमकं कुठे बसणार हा पहिला, आणि ते कशाने, कशाला बांधणार हा दुसरा. या दोहोंची उत्तरं ठीक असतील तर खताचं पोतंसुद्धा चालतं. नसतील तर दहा हजारांची बॅगही मागच्या चाकात जाते.

हे शहाणपण मला कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. ते कसं आलं ते सांगतो.

2023 चे गणपती. मी एसवायला होतो. चतुर्थी 19 सप्टेंबरला, मंगळवारी होती. माझा रूममेट चिपळूणचा. कोकणातल्या पोराला गणपतीला घरी पोचायचं असतं म्हणजे काय, हे आम्हा घाटावरच्या लोकांना सांगून कळत नाही. एसटीचं रिझर्व्हेशन आधीच फुल झालं होतं. मी म्हटलं, चल, मी सोडतो, मलाही तुमचे गणपती बघायचेत. रविवारी 17 तारखेला सकाळी निघालो. हायवेने कराड, तिथून पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. रस्ता मला पाठ होता.

सामान असं होतं : त्याच्या पाठीवर एक सॅक, तिच्यात लॅपटॉप, चार्जर, स्टीलचा डबा, कपडे आणि एम-थ्रीचं पुस्तक (जे तो घरी उघडणार नव्हता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं). माझी सॅक मी छातीवर उलटी अडकवली होती, सगळे अडकवतात तशी. आणि सीटच्या मागच्या छोट्या कॅरिअरवर एक ट्रॅव्हल बॅग, आडवी. तिच्यात मखराचं सामान, लाईटच्या माळा, कंदी पेढ्यांचे चार बॉक्स. ती बॅग मी बांधली. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती रूममध्ये, तीच घेतली. चार वेढे मारले, घट्ट गाठ मारली आणि उरलेलं हातभर टोक बॅगेखाली खोचून टाकलं. निघताना फोटोही काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात दोरीचं टोक दिसत नाही.

पाटणच्या पुढे पाऊस लागला. नायलॉन ओलं झालं की निसरडं होतं, आणि खोचलेल्या टोकाला धरून ठेवणारं काही नसतं. कोयनानगरच्या अलीकडे कुठेतरी ते सुटून खाली लोंबायला लागलं असणार. वेग चाळीसचा असेल. मागून कुणीतरी ओढल्यासारखं वाटलं. मला वाटलं पंक्चर. आणि दुसऱ्या क्षणाला मागचं चाक जाम.

मी बाजूला घसरत गेलो, गुडघा आणि कोपर सोलवटले. रूममेट खांद्यावर आणि पाठीवर पडला, सॅकसकट. खांद्याजवळचं, ज्याला डॉक्टर कॉलर बोन म्हणतात ते हाड मोडलं, आणि पाठीवर चार्जरच्या आकाराचा काळानिळा डाग उठला. अगदी चौकोनी. सॅक नसती तर हाड वाचलं असतं का, असं मी डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, हाडाचं खात्रीने सांगता येत नाही, पण मणक्यापासून तो डाग किती लांब होता ते तूच बघ. दोन बोटं.

एका पिकअपवाल्याने आम्हाला आणि गाडीला उचलून कराडला आणलं. (त्याने पैसे घेतले नाहीत. नावही विचारायचं राहिलं.) रूममेटचे आई-बाबा सोमवारी, म्हणजे हरतालिकेच्या दिवशी, घरातली सगळी तयारी टाकून दवाखान्यात आले. त्यांच्या घरचा गणपती त्या वर्षी चुलत्यांनी बसवला. काकू माझ्याशी नीट बोलल्या, डबाही आणला होता माझ्यासाठी. काका मात्र काही न बोलता बाहेर माझी गाडी बघायला गेले. मी मागोमाग. ते उकिडवे बसले आणि मागच्या हबभोवती गुंडाळून आवळलेली दोरी बोटाने चाचपून बघितली.

"ही कुणी बांधली?"

"मी, काका."

थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "गाठ चांगली मारलीस. टोक मोकळं ठेवलंस."

त्यानंतर त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

तर आता इंजिनिअरिंगकडे वळू. आपण चार वर्षं फ्री बॉडी डायग्राम काढतो आणि स्वतःच्या गाडीची एकदाही काढत नाही. मी काढली, रूममेटचा हात गळ्यात असताना, त्याच्याच जर्नलच्या मागच्या पानावर.

स्प्लेंडरच्या दोन चाकांच्या ॲक्सलमधलं अंतर साधारण सव्वा मीटर. समजा पंधरा किलोची बॅग कॅरिअरवर आहे आणि तिचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या एक फूट मागे आहे. आता मागच्या ॲक्सलभोवती मोमेंट घ्या. पंधरा गुणिले शून्य पूर्णांक तीन, भागिले सव्वा. उत्तर 3.6. म्हणजे ही बॅग मागच्या चाकावर पंधरा नाही तर 18.6 किलो टाकते, आणि पुढच्या चाकावरचे 3.6 किलो काढून घेते. एखादा म्हणेल, साडेतीन किलोने काय होतंय. पण मागे माणूस बसलेला असताना पुढचं चाक आधीच हलकं झालेलं असतं. वर घाटाचा चढ. वर ओला रस्ता. वळण घेण्याचं आणि बहुतेक ब्रेकिंगचं काम पुढचं चाक करतं, आणि आपण त्याचंच वजन काढून घेतो. हीच बॅग टाकीवर ठेवली तर ती मागच्या ॲक्सलच्या पुढे येते आणि गणिताचं चिन्ह बदलतं. दोन्ही बाजूंना खाली, सीटच्या मागच्या भागाखाली लटकवली तर मागच्या चाकाच्या आसपासच वजन राहतं, पुढचं फारसं कमी होत नाही, आणि मुख्य म्हणजे उंची कमी होते. उंचीचं दुखणं वेगळं. वर ठेवलेलं वजन गाडी झुकवताना आणि परत उभी करताना जास्त ओढतं, आणि ते सैल असेल तर झोलही खातं. टॉप बॉक्स खचाखच भरून हायवेला जाणाऱ्याचं हँडल का हलतं, याचं उत्तर इथे आहे. बऱ्याच टॉप बॉक्सवर आत छापलेलं असतं किती किलो चालतील ते, आणि तो आकडा बघितला तर धक्का बसतो. कित्येकांवर तो दहा किलोच्या आतच असतो. आपण त्यात दोन हेल्मेट, रेनकोट, लॅपटॉप आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी कोंबतो.

दुसरा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, जी आपण आरसी बुकाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून विसरतो. स्प्लेंडरसाठी एकूण भार 130 किलो. एकूण म्हणजे माणसं धरून. मी 68 किलोचा, रूममेट 72. बेरीज 140. म्हणजे पेढ्यांचा पहिला बॉक्स ठेवण्याच्या आधीच आम्ही दहा किलो पुढे होतो, आणि वर पंचवीस-तीस किलो सामान. हे वाचून कुणी म्हणेल की गावाकडे एका गाडीवर चौघं बसून बाजाराला जातात. जातात ना. पण त्यांची गाडी कशी थांबते तेही एकदा मागून येऊन बघा.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात नावडतं मत : दोघं असाल आणि दोघांचंही आठवड्याचं सामान असेल, तर योग्य बॅग म्हणजे एसटीची डिकी. एकजण सामान घेऊन एसटीने जावा, दुसऱ्याने गाडी आणावी. यात काही हिरोगिरी कमी होत नाही.

बॅगा बांधण्यातला खरा तज्ज्ञ मला इंटरनेटवर नाही, मेसच्या मागच्या दारात सापडला. आपल्या मेसला दूध घालणारे मामा रोज पहाटे येतात. त्यांच्या गाडीला दोन्ही बाजूंना अँगलची फ्रेम आहे, तिला हुक, आणि हुकाला किटल्या. पूर्वी राजदूतवर दूध घालायचे, आता हंड्रेड सीसीवर घालतात, फ्रेमचं डिझाईन मात्र तेच. पडल्यानंतर महिन्याभराने मी एका पहाटे मुद्दाम उठून त्यांना गाठलं. इंजिनिअरिंगचा मुलगा पहाटे पाचला उठून आला याचंच त्यांना आधी आश्चर्य वाटलं.

"मामा, एवढं दूध घेऊन खड्ड्यातनं जाता, गाडी पडत नाही का?"

"पडायला काय झालं? दोन्हीकडं सारखं असतंय."

"पण वाटेत दूध कमी होतं की एका किटलीतलं."

"येड्या, एकीतनंच कशाला काढंन मी? हिकडचं एक माप, पुढल्या घरी तिकडचं एक माप. आन् अर्धी किटली असंल तर जास्त जपायचं. भरलेली गप बसती, अर्धी हिसकं देती."

मी मान डोलावली. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ज्याला स्लॉशिंग म्हणतात ते मला सर शिकवून गेले होते, पण कळलं त्या दिवशी. अर्धवट भरलेली सॅक, जिच्यात सामान इकडून तिकडे आपटतं, ती गच्च भरलेल्या सॅकपेक्षा वाईट. बॅग मोठी घेतली की कधीतरी उपयोगी पडेल, हा विचार म्हणूनच चुकीचा. आपल्या सामानाला पुरेल एवढीच घ्यावी आणि तिच्या बाजूच्या पट्ट्या आवळून ती टणक करावी.

मामांनी आणखी एक दाखवलं. किटलीचा खालचा भाग फ्रेमच्या आडव्या पट्टीला टेकलेला असतो. नुसता हुकावर लटकत नाही. म्हणून किटली चाकाकडे झुलत नाही. बाजारातल्या कापडी सॅडल बॅगांचं मुख्य दुखणं हेच आहे. त्या सीटवरून दोन पट्ट्यांनी लटकतात आणि आत काय भरलंय त्याप्रमाणे चाकाकडे वळतात. डावीकडे साडी गार्ड असतं म्हणून ती बाजू बचावते. साडी गार्ड म्हटलं की पोरं हसतात आणि गाडी घेतली की पहिल्यांदा तेच काढून टाकतात, कारण म्हणे लूक जातो. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारी सोय सक्तीची आहे. ती साडीसाठी केली असेल, पण ओढणी, दोरी, बॅगेची पट्टी सगळ्यांनाच ती वाचवते. उजवीकडे मात्र सायलेन्सर. तिथे रेक्झिनची बॅग टेकली की आधी वास येतो आणि मग भोक पडतं. सायलेन्सर आणि बॅग यांच्यात निदान चार बोटं अंतर पाहिजे, आणि ते मागे माणूस बसवून, बॅग भरून, गाडी दाबून बघायचं. दुकानात रिकामी बॅग लावून बघण्यात काही अर्थ नाही.

इतर प्रकारांबद्दल थोडक्यात. टँक बॅग मला आवडते, जड आणि लहान वस्तूंसाठी तिच्याइतकी चांगली जागा नाही, पण ती पूर्ण हँडल वळवून बघा. हँडल बॅगेला अडत असेल तर नको. चुंबकाची असेल तर टाकी लोखंडाची आहे ना हेही बघा, कारण काही गाड्यांवर प्लास्टिकचं कव्हर असतं आणि चुंबक बिचारा प्रेम कुणावर करणार? टेल बॅग, म्हणजे मागच्या सीटवर बांधायची, एकट्याने जाणाऱ्यासाठी उत्तम. ती कॅरिअरवर नव्हे तर सीटवर, शक्य तेवढी पुढे, आपल्या पाठीला टेकेल अशी. लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या पेट्या मजबूत असतात यात शंका नाही, पण त्यांची रुंदी चालवणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. हँडल जिथून गेलं तिथून पेटीही जाईल असं गृहीत धरून पोरं ट्रकशेजारून घुसतात. शिवाय गाडी पडली आणि पाय पेटीखाली आला तर कापडी बॅग दबते, पेटी दबत नाही. डब्यांबाबत कायदाही आहे. 2020 साली केंद्र सरकारने मोटरसायकलवरच्या हलक्या डब्याची मापं ठरवून दिली, लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटरच्या आत. आणि मागच्या सीटच्या जागी डबा बसवला तर गाडीवर फक्त चालवणाराच. मागे माणूस बसवायचा असेल तर डबा त्याच्या जागेच्या मागे हवा.

आणि पाठीवरची सॅक. इथे मी भांडायला तयार आहे. सगळ्यात जास्त वापरली जाणारी आणि सगळ्यात वाईट सोय ही. बॅग वाचते, गाडीला काही लावावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, सगळं मान्य. पण वजन गाडीवर सगळ्यात उंच जागी जातं, ब्रेक मारला की ते तुम्हाला पुढे ढकलतं, दीड तासात खांदे भरून येतात आणि मान वळवून मागे बघायचा कंटाळा येतो. पडलात तर आतली प्रत्येक कठीण वस्तू तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये असते. छातीवर उलटी अडकवणं त्याहून वाईट, हँडल वळताना कोपर अडतात आणि मीटर दिसत नाही. सॅक न्यायचीच असेल तर तिच्यात फक्त कपडे भरा आणि पट्टे लांब करून तिचा तळ सीटवर टेकवा. लॅपटॉप, डबा, चार्जर, कुलूप हे सगळं गाडीवर. लॅपटॉप गाडीवर हादरतो असं म्हणणाऱ्यांनी तो चारी बाजूंनी कपड्यांत गुंडाळावा. स्क्रीन बहुतेक वेळा दाबाने फुटतो, म्हणून त्याच्यावर वजन येऊ देऊ नये. बस.

बांधायचं कशाने? नायलॉनची दोरी मी आयुष्यात पुन्हा हातात घेणार नाही, हे मत नाही, भीती आहे. हुकवाली लवचिक दोरी सोयीची असते, पण ताणलेला हुक हातातून सुटला तर थेट डोळ्यावर येतो, म्हणून तिच्यावर वाकून ओढू नये. शिवाय ताणली जाते याचाच अर्थ खड्ड्यात बॅग उडू शकते. पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मिळतात, फुकट किंवा चहाच्या पैशात. पकड भन्नाट, हुक नाही. पण उन्हाने तडकलेली पट्टी फेकून द्यायची, जीव लावायचा नाही. सगळ्यात चांगली म्हणजे बकलची सपाट पट्टी, ओढून आवळता येते ती. दोन घ्या, आडव्या, आणि त्या मागच्या हँडलला आणि चेसिसला अडकवा. इंडिकेटरला नको, नंबर प्लेटला नको. आणि पट्टीचं उरलेलं टोक? ते गुंडाळून रबर लावायचं किंवा चिकटपट्टीने बांधायचं. खोचायचं नाही. मग दहा किलोमीटरवर पहिला चहा घ्यायचा आणि सगळं पुन्हा आवळायचं, कारण सामान बसतं आणि पट्ट्या ढिल्या होतात. मागच्या टायरची हवा पुस्तिकेत डबलसीटसाठी वेगळी दिलेली असते, तेवढी भरायची. आणि रात्री जाणार असाल तर हेडलाईट खाली करून घ्या. मागे वजन आलं की पुढचा दिवा वर बघतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पावसाचं म्हणाल तर सॅकचं ते नाजूक रेन कव्हर साठच्या वेगाला फुगतं आणि हायवेवर कुणाच्या तरी काचेवर जाऊन बसतं. पाणी बाहेर अडवू नका, आत अडवा. खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा अस्तर-पिशवा धुऊन घ्या आणि कपडे त्यात भरून मग बॅगेत घाला. वास जायला दोन दिवस लागतात.

माझ्या बॅगा एका सीट कव्हर शिवणाऱ्याने शिवल्या. ताडपत्री, तळाला जाड रेक्झिनचा दुहेरी थर, वेल्क्रो नाही, बकल. नऊशे रुपये पडले. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून 8 एमएम सळईच्या दोन कड्या वाकवून चेसिसच्या बोल्टला लावून घेतल्या, मामांच्या फ्रेमसारख्या, बॅगेचा तळ टेकायला. दिसायला काही खास नाही. दोन वर्षं झाली, चाकाकडे एकदाही वळल्या नाहीत. विकतच्या बॅगा घेऊ नका असं मी म्हणत नाही. चांगल्या विकतच्या बॅगांची शिलाई आणि बकल माझ्या बॅगेपेक्षा नक्कीच सरस असतात. पण त्या घेतल्यावरही या कड्या लावाव्याच लागतात.

त्यावरून वर्कशॉपच्या सरांना एक विनंती. फर्स्ट इयरला आपण दोन पट्ट्या जोडून वेल्डिंगचा जॉब करतो, तो दाखवतो, मार्क मिळतात आणि तो भंगारात जातो. त्याऐवजी अशी एक कडी करायला दिली तर? वाकवणं, कटिंग, ड्रिलिंग, वेल्डिंग सगळं येतं त्यात. आणि मुलगा ती घरी नेईल.

दुसरी विनंती रेक्टर सरांना, रागावू नका. वर्षाअखेरी रूम पूर्ण रिकामी करायचा नियम आहे. त्यामागची कारणं मला माहीत आहेत, रंगकाम असतं, पुढच्या वर्षीच्या अलॉटमेंट असतात. पण त्या दोन दिवसांत गेटवर उभं राहून बघा. गादी, बादली, कूलर, ड्राफ्टर, पुस्तकांचे गठ्ठे, सगळं दोघादोघांच्या मध्ये धरून, मांडीवर ठेवून, पाय पसरून मुलं जातात. त्यातलं निम्मं सामान दीड महिन्याने त्याच गाडीवर परत येतं. तळमजल्यावर जी जुनी खोली बंद आहे तिथे दरमाणशी एक पेटी ठेवू दिली, तर हे निम्मं सामान रस्त्यावर येणारच नाही. कुलूप आमचं, जबाबदारी आमची, लिहून देतो.

रूममेटचं हाड नीट जुळलं. त्या सेमला त्याची एक केटी लागली, ती तो अजून माझ्या नावावर सांगतो. 2024 चे गणपती 7 सप्टेंबरला होते. या वेळी तो एसटीने गेला, सामानासकट, आणि मी एकटा गाडीवर. कोयनानगरच्या अलीकडे मी थांबलो नाही, पण वेग आपोआप कमी झाला. घरी पोचल्यावर काकांनी आधी बॅगा बघितल्या. बकल ओढून बघितलं, कडी हलवून बघितली, पट्टीचं टोक शोधलं. काही बोलले नाहीत, पण चहा त्यांनीच आणून दिला.

परत निघताना काकूंनी नारळ दिले, एकवीस. मी दहा उजवीकडे भरले, दहा डावीकडे, आणि एकविसावा हातात घेऊन उभा राहिलो. काका पायरीवर बसून बघत होते. मग उठले, माझ्या हातातला नारळ घेतला आणि म्हणाले, "आण इकडे. हा आपण इथेच फोडू."